आजोबांना हसायला शिकवताना

आमच्या प्रयोगशाळेतल्या आजोबांना दिवसभर खोकला असतो. त्यांना नाक नाही, डोळे नाहीत आणि वय जेमतेम चार वर्षं. काचेच्या पेटीत सिलिकॉनच्या नळ्यांचं एक उलटं झाड, फांद्यांच्या टोकांना रबरी पिशव्या, खाली भाता आणि भात्याला मोटर, एवढाच त्यांचा पसारा. मोटर भाता हलवते आणि झाड श्वास घेतं. पेटीतली हवा माणसाच्या छातीइतकी कोमट आणि दमट ठेवावी लागते. सकाळी काचेवर वाफ धरलेली असते, ती फडक्याने पुसली की मगच आजोबांची तब्येत दिसते.

आम्ही झडपा तपासतो. माणसाच्या फुप्फुसाचा एखादा भाग काही आजारांत जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडतो. त्यात हवा शिरते आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. मग तो फुगलेला भाग, बसमध्ये दोन जणांची जागा अडवून बसलेल्या माणसासारखा, शेजारच्या चांगल्या भागाला कोपऱ्यात दाबून टाकतो. अशा भागाकडे जाणाऱ्या नळीत आमची झडप बसवतात. ती हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. हळूहळू तो भाग बसतो आणि शेजाऱ्याला पाय पसरायला जागा मिळते. झडप दिसते एका इवल्याशा छत्रीसारखी. बारीक तारेचा सांगाडा, वर पातळ पडदा आणि नळीची भिंत धरून ठेवायला पाच पाय. घशातून दुर्बिणीची नळी घालून बसवतात, कापाकापी लागत नाही.

या पाच पायांचं डिझाइन काटकोनाचं. हे त्याचं टोपणनाव. त्याच्या टेबलावर पेन वहीला काटकोनात असतं, वही टेबलाच्या कडेला काटकोनात, आणि कोणी चहाचा कप तिरका ठेवला तर तो बोलता बोलता सरळ करतो. माणूस हुशार आणि मनाने साफ, फक्त स्वतःच्या झडपेबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही.

त्या सोमवारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. आमच्या झडपांची रुग्णांवरची चाचणी त्यांच्याच रुग्णालयात चालू होती. त्यांनी पर्समधून एक छोटी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत एक झडप होती.

"ही बाहेर आली," त्या म्हणाल्या.

"बाहेर म्हणजे?" काटकोनाने विचारलं.

"बाहेर म्हणजे पत्त्यांच्या डावात. लिफ्टकाकांच्या."

लिफ्टकाका आम्हाला माहीत होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, आणि स्वतः राहायचे तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. आजार वाढला तसे ते घरातच अडकले. खालच्या फाटकाशी एक बाक आहे, तिथे त्यांचे मित्र बसतात. काका वरून खिडकीतून त्यांच्याशी बोलायचे, पण वरून बोलायलाही दम लागतो, म्हणून पुढे पुढे नुसता हात हलवायचे. तीन झडपा बसवल्यावर काही आठवड्यांत ते जिना उतरून बाकापर्यंत गेले, आणि मुख्य म्हणजे आपल्या पायांनी परत वर आले.

"डावात खोकला आला आणि झडप थेट टेबलावर पडली," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "त्यांची मेहुणी म्हणाली, भावजी, हे कुठलं पान टाकलंत?"

काटकोन हसला नाही. तो भिंगातून झडप बघत होता. "पाय शाबूत आहेत," तो म्हणाला. "माप चुकलं असणार."

"माप मी घेतलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काटकोनाने भिंग खाली ठेवलं.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने विचारलं होतं की झडप का निसटली. कारण सापडलं नाही, तर काकांची नळी झडप धरूनच ठेवत नाही असं समजायचं आणि उरलेल्या दोनही काढून टाकायच्या. म्हणजे काका पुन्हा खिडकीत. "आणि तोपर्यंत मी त्यांना सांगितलंय की खोकू नका, हसू नका, जोरात बोलू नका," त्या म्हणाल्या. "दोन गोष्टी जमतील. मधली कठीण आहे."

आम्ही आजोबांना तशीच नवी झडप बसवली आणि खोकायला लावलं. साधा खोकला, सर्दीचा खोकला, ठसका लागल्यावरचा, सिगारेट ओढणाऱ्याचा सकाळचा. मग शिंका. मग उचकी. झडप जागची हलली नाही. काटकोन दर थोड्या वेळाने येऊन काचेतून बघायचा आणि मागे हात बांधून परत जायचा. "ताई," तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "आजोबांचा जीव जाईल, पण झडप जाणार नाही."

मला यात आनंद मानता येईना. जी झडप एका खऱ्या माणसाच्या छातीतून सुटली ती आमच्या यंत्रातून सुटत नसेल, तर चूक झडपेची नसून यंत्राची असते. आम्ही त्याला काहीतरी शिकवायचं विसरलो होतो. काय, ते यंत्र सांगणार नव्हतं. म्हणून मी डॉक्टरीणबाईंना विचारून काकांच्या घरी गेले.

दार काकूंनी उघडलं आणि आधी तोंडावर बोट ठेवलं. "आत ये, बाळ. पण काही गमतीचं बोलू नकोस हं."

मी म्हटलं, त्याची काळजी नको. माझ्याबद्दल आजवर अशी तक्रार आलेली नाही.

घरात खरोखर सुतकासारखं वातावरण होतं. काका खिडकीशी खुर्चीत, समोर टीव्हीवर बातम्या. पत्ते कपाटात, आणि कपाटाला कुलूप. मेहुणीला घरात यायला बंदी होती, कारण तिचा चेहरा बघूनच काकांना हसू फुटतं. ती समोरच राहते. भाजी आणून द्यायची असली तर पिशवी दाराबाहेर ठेवायची, बेल वाजवायची आणि आपल्या घरात पळायचं.

"हिने बातम्या लावून दिल्यात," काका दबक्या आवाजात म्हणाले. "हसू येऊ नये म्हणून. आता बातम्या ऐकून हसू आवरत नाही, त्याला मी काय करू?"

"बघ, बघ, ओठ हलले," काकू म्हणाल्या.

"बोलतोय गं मी. बोलताना हलतात."

मी विचारलं, "काका, त्या दिवशी नेमकं काय झालं? खोकला कशाने आला?"

"खोकला नव्हताच आधी. हसत होतो." त्यांनी मेहुणीच्या घराकडे मान हलवली. "ती पत्ते लपवते. त्या दिवशी एक पान बाहीत सरकवलं आणि उठून चहा ओतायला गेली, ते पान चहात पडलं. वर म्हणते कशी, की कपात आधीपासूनच होतं. मी हसायला लागलो, थांबेचना. हसता हसता आत काहीतरी गुदगुल्या करत वर येतंय असं वाटलं. मग ठसका, मग झडप. पोरी, रिपोर्टात काय लिहिलंय?"

रिपोर्टात लिहिलं होतं, 'खोकल्यामुळे'. ते चूकही नव्हतं. पण आमच्या चाचण्यांची यादी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. शांत श्वास, खोल श्वास, खोकला, शिंक, उचकी, फुंकर. फुगा फुगवणंसुद्धा होतं. ती यादी आम्ही चौघा-पाच जणांनी मिळून केली होती, आठवडाभर भांडून. माणूस छातीने जे जे करतो ते सगळं त्यात आलं आहे अशी आमची खात्री होती. हसणं कोणालाच सुचलं नव्हतं.

निघताना काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "माझा एक निरोप दे डॉक्टरीणबाईंना. झडपा ठेवायच्या आणि हसायचं नाही, असा सौदा असेल तर मला नको. बाकापर्यंत जायचं आणि तिथे तोंड मिटून बसायचं, तर मग खिडकी काय वाईट होती?"

काकू कपाटाकडे बघत राहिल्या.

आता आजोबांना हसायला शिकवायचं होतं, आणि त्यासाठी आधी कोणाचं तरी हसू मोजायचं होतं. तोंडावर मास्क, मास्कमध्ये हवेचा वेग मोजणारी जाळी, आणि पडद्यावर वरखाली होणारी रेघ. पहिला मान काटकोनाने घेतला. त्याने मास्क लावला, पाठ ताठ केली आणि म्हणाला, "हा. हा. हा. हा." पडद्यावर एकसारख्या उंचीचे चार खांब उमटले, एकमेकांपासून समान अंतरावर.

"हे हसू नाही," मी म्हटलं. "हे कुंपण आहे."

डॉक्टरीणबाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या की निरोगी माणसाचं हसूही पुरणार नाही. आजारी छातीचं हवं. रुग्णालयात व्यायामाचा हॉल आहे, तिथे झडपांसाठी रांगेत असलेले रुग्ण रोज सकाळी चालण्याचा आणि श्वासाचा सराव करतात. त्यांच्या छातीत अजून झडप नव्हती, त्यामुळे त्यांच्या हसण्यात धोका नव्हता. बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि एकूण एक जण तयार झाले. अडचण एकच होती. तोंडाला मास्क लावला, तारा जोडल्या आणि समोर संगणक घेऊन बसलेली बाई बघितली की कोणालाही हसू येत नाही. ती बाई मी होते.

"हसवायला माणूस लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आम्हा दोघींना एकच माणूस आठवला.

काकू बरोबर आल्या, अट घालून. काका बोलतील, पण स्वतः हसणार नाहीत. काका हॉलच्या मध्ये खुर्चीवर बसले. काकू समोर उभ्या राहून त्यांच्या ओठांवर नजर ठेवून होत्या. आणि काकांनी, प्रेताला खांदा द्यायला आल्यासारख्या चेहऱ्याने, लिफ्टच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली.

"एकदा तक्रार आली की आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावर जात नाही. गेलो. बघतो तर इमारत तीन मजल्यांची. मालकाला म्हटलं, चौथा मजला कुठाय? म्हणाले, बांधायचाय, पण आधी म्हटलं लिफ्ट पोचते का बघू."

पहिला मास्क हलला. कोपऱ्यातल्या एका निवृत्त मास्तरांचा.

"एकदा एका ऑफिसातले साहेब लिफ्टमध्ये अडकले. आतून फोन. लवकर या, माझी महत्त्वाची मीटिंग आहे. म्हटलं, कोणाशी? म्हणाले, एका माणसाशी, तो माझ्याबरोबर आतच आहे. म्हटलं, मग घ्या की उरकून. तर साहेब म्हणतात, नाही हो, मीटिंग सहाव्या मजल्यावर आहे."

काकांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती, आणि ते जितके गंभीर होत होते तितका हॉल हातातून सुटत चालला होता. दम लागलेली माणसं एकमेकांना धरून हसत होती. मास्तर हाताने 'थांबा' अशी खूण करत होते आणि दुसऱ्या हाताने 'पुढे सांगा' अशी. पडद्यावरच्या रेघा कशाही नाचत होत्या.

निरोगी छातीचा नमुना म्हणून काटकोनाने मलाही मास्क लावला होता. मी काम करत होते. अचानक तो माझ्या पडद्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमची जाळी बिघडलीय. रेघ पडद्याबाहेर जातेय."

"बिघडलेली नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मी हसतेय."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या हसण्याला आवाज नाही, हे घरी सगळ्यांना माहीत आहे. नवरा म्हणतो की खांदे बघायचे, हलत असले तर समजायचं. काटकोनाला चार वर्षांत कळलं नव्हतं.

"तुम्ही आधीही हसायचा, ताई? ऑफिसात?"

"रोज," मी म्हटलं. त्याने खिशातलं पेन काढून सरळ केलं आणि परत ठेवलं.

त्या रेघांमध्ये सगळं दिसत होतं. खोकण्याआधी माणूस मोठा श्वास घेतो. नळ्या रुंद होतात, झडपेचे पाय पसरून भिंतीत घट्ट रोवले जातात, आणि मग धक्का बसतो. झडप धक्क्यासाठी तयार असते. हसू असं सांगून येत नाही. श्वास न घेताच माणूस हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर टाकत राहतो, छाती नेहमीपेक्षा जास्त रिकामी होते, नळ्या आक्रसतात आणि झडपेचे पाय दुमडले जातात. मग हसणारा एकदम 'हाऽ' करून श्वास ओढतो. नळी क्षणात रुंदावते. पाय उघडायला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्यात हसण्याची पुढची उबळ झडपेला गाठते. एका उबळीने ती तसूभरच सरकते. पण मेहुणीने पान चहात पाडलं असेल, तर उबळ एकच नसते.

मास्तरांची रेघ सगळ्यांत स्वच्छ होती. ती आम्ही मोटरला दिली आणि पेटीतला दाबही तिच्याबरोबर वरखाली होईल अशी सोय केली. आजोबांना नवी झडप बसवली. मी बटण दाबलं.

आजोबा हसले. भात्यातून खि-खि-खि-खि, मग एक लांब ओढलेला श्वास, पुन्हा खि-खि-खि. पिशव्या थरथरत होत्या, काचेवर वाफ धरत होती. शेजारच्या खोलीतली माणसं उठून दारात आली. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती छत्री नळीतून तुरुतुरु वर चालत आली, तोंडाशी क्षणभर थबकली आणि टप्पकन ट्रेमध्ये पडली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपली वस्तू नापास झाली म्हणून इतका आनंद झालेला मी कुठल्या कारखान्यात पाहिलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी तिथूनच समितीला फोन लावला. काकांच्या नळीत दोष नव्हता, दोष पायांत होता.

काटकोन मात्र ट्रेजवळ उभा होता. "पायांची टोकं मी बरोबर नव्वद अंशांत वळवली होती," तो म्हणाला.

"मग?"

"गोल करायला हवीत. नळी रुंदावली की पायांनी तिच्याबरोबरच उघडायला हवं." मग जरा थांबून, "किती अंश ते आत्ता सांगता येणार नाही. करून बघावं लागेल." हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं.

त्याला बरेच आठवडे लागले. टोकं गोल झाली, पाय थोडे लांबले, तारेला भट्टीत नवा आकार मिळाला. आजोबा रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत हसायचे, आणि हळूहळू आम्हाला त्याची इतकी सवय झाली की मोटर बंद केली की खोली उदास वाटायची. शेवटच्या झडपा त्यांनी कितीही हसून दाखवलं तरी जागच्या हलल्या नाहीत. मग पुन्हा खोकला, शिंक, उचकी, फुगा, सगळं पहिल्यापासून. समितीने सगळं तपासून परवानगी दिली. काकांच्या जुन्या दोन झडपा काढून नव्या तीन बसवल्या.

खरी परीक्षा एक्स-रेच्या खोलीत होती. काका मशीनसमोर उभे, पडद्यावर त्यांची छाती आणि छातीत तीन बारीक छत्र्या. दुर्बिणीची नळी तयार ठेवलेली. शिशाचे एप्रन घातलेले आम्ही चौघं जण, डॉक्टरीणबाई, काकू, काटकोन आणि मी, त्यांच्याकडे टक लावून बघत होतो.

"हसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी प्रयत्न केला. जमेना. इतके दिवस चेहरा आवरून आवरून तो तसाच राहिला होता. काकूंनी मेहुणीची आठवण करून दिली. काही नाही. बाईंनी एक विनोद सांगितला, तो रुग्णालयाबाहेर कोणाला कळला नसता. काकू रडकुंडीला आल्या. "मीच घोटला गळा त्यांच्या हसण्याचा. कुलूप काय लावलं कपाटाला."

तेव्हा काटकोन पुढे झाला. "मी एक विनोद तयार करून आणला आहे," तो म्हणाला. "त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात परिस्थिती, दुसऱ्यात अपेक्षा, तिसऱ्यात अपेक्षाभंग. हसायचं तिसऱ्यानंतर. आधी हसल्यास परिणाम कमी होतो."

काका त्याच्याकडे बघत राहिले.

"भाग पहिला," काटकोन म्हणाला आणि एप्रनची गाठ सरळ केली.

काकांचे खांदे हलले. मग पोट. पडद्यावर छातीचा पिंजरा उडायला लागला आणि तीन छत्र्या वाऱ्यात सापडल्यासारख्या थरथरल्या. काका हसत होते, डोळे मिटून, मशीनच्या दांड्याला धरून, मध्येच 'हाऽ' करून श्वास ओढत आणि पुन्हा सुरू. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. छत्र्या आक्रसल्या, उघडल्या, आक्रसल्या, उघडल्या. एकही जागची हलली नाही.

"दुसरा भाग राहिलाय," काटकोन म्हणाला.

"नको," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला पडद्याकडे बघायचंय."

पुढच्या आठवड्यात काकूंनी आम्हाला घरी बोलावलं. काका खाली बाकावर बसले होते. ते आमच्याबरोबर जिना चढले, दुसऱ्या मजल्यावर थांबले, पण दम लागला म्हणून नव्हे, तिथल्या शेजाऱ्याला काटकोनाचा पहिला भाग सांगायला. वर कपाट उघडं होतं आणि मेहुणी आधीच टेबलाशी बसून पत्ते पिसत होती.

तिसऱ्या डावात तिने काय केलं देव जाणे, पण काका हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. काकूंचा हात हवेतच थांबला.

"थांबा, थांबा," मेहुणी म्हणाली, "मी बघते पडलीबिडली का," आणि तिने टेबलावरचे पत्ते भराभर उचलले, खाली बघितलं, पुन्हा ठेवले. "काही नाही पडलं, भावजी. आहेत तिन्ही आत."

काकूंनी सुस्कारा सोडला. काका आणखी हसले. ठेवताना मेहुणीने दोन पानं बदलली होती, ते फक्त मी बघितलं. मी हसत होते. काटकोनाने माझ्या खांद्यांकडे बघितलं, मग मेहुणीच्या बाहीकडे, आणि निमूटपणे आपले पत्ते छातीशी धरले.